भिंतीतला प्लग पॉइंट : धोका ओळखायचा कसा आणि मग करायचं काय

पश्चिम सिडनीत जुलै महिन्यात पहाटेचं तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरतं. वेंटवर्थव्हिलच्या घरांमधून ऑइल हीटर रात्रभर चालू राहतात आणि सकाळी किटली, टोस्टर, मिक्सर, हेअर ड्रायर सगळं एकदम हवं असतं. या सगळ्यांना वीज देणारा भिंतीतला पॉइंट मात्र कुणी निरखून बघत नाही. तो तापतो, पिवळा पडतो, त्यातून चरचर आवाज येतो. तरीही हीटर चालतोय म्हणजे सगळं ठीक आहे, असं आपण धरून चालतो.

या लेखात पॉइंटच्या धोक्याचा सगळा प्रश्न क्रमाने पाहायचा आहे. धोक्याच्या खुणा कोणत्या, त्या कशामुळे उमटतात, घरातली संरक्षक साधनं कुठवर साथ देतात, खूण दिसल्यावर काय करायचं, भाडेकरूचा हक्क काय आणि कायदा काय म्हणतो, हे सगळं त्यात येईल. मुख्य मुद्दा आधीच सांगतो. सैल झालेल्या जोडात साठणारी उष्णता फ्यूज, एमसीबी आणि सेफ्टी स्विच या तिघांच्याही नजरेतून सुटते, आणि आग लावायला ती पुरेशी असते. ती वेळीच पकडू शकतात ते घरात राहणाऱ्या माणसाचे डोळे, नाक, कान आणि हात. म्हणून धोका ओळखणं हे घरातल्या प्रत्येकाचं काम आहे. दुरुस्ती मात्र फक्त परवानाधारक इलेक्ट्रिशियनची.

तीन काळांतली घरं

वेंटवर्थव्हिल हे कंबरलँड महापालिकेच्या हद्दीतलं रेल्वे स्टेशनभोवती वाढलेलं उपनगर. वेस्टमीडची रुग्णालयं आणि पॅरामाटाची कार्यालयं जवळ असल्याने भारतातून आलेली कुटुंबं इथे मोठ्या संख्येने राहतात, आणि त्यांत मराठी घरंही आहेत. नव्याने आलेलं कुटुंब सहसा भाड्याच्या घरात उतरतं. ते घर कोणत्या काळात बांधलेलं आहे, यावर भिंतीतल्या विजेची स्थिती बरीच अवलंबून असते.

पहिला काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा, लाकडी सांगाड्यावर फायब्रो नावाचे सिमेंटचे पत्रे ठोकलेल्या बैठ्या घरांचा. यातल्या ज्या घरांचं वायरिंग कधीच बदललेलं नाही, तिथे तारांवर रबराचं वेष्टन असू शकतं. असं रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतं, तडकतं आणि हात लागला तरी गळून पडतं. मीटरच्या पेटीत चिनी मातीचे, आत तार गुंडाळायचे फ्यूज दिसतात. ते ज्या काळ्या फळीवर बसवलेले असतात, तिच्यात अनेकदा ॲस्बेस्टॉस असतं. फायब्रोच्या भिंतीतही ते असतं, कारण ऑस्ट्रेलियात ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी आली ती ३१ डिसेंबर २००३ रोजी. म्हणजे अशा भिंतीला नव्या पॉइंटसाठी स्वतः ड्रिल मारणं हा दुहेरी धोका आहे. आत वीज आहे, आणि उडणारी धूळ फुप्फुसात जाते.

दुसरा काळ साठ-सत्तरच्या दशकातल्या लाल विटांच्या, लिफ्ट नसलेल्या तीन मजली इमारतींचा. स्वयंपाकघरात दोन-तीनच पॉइंट, बेडरूममध्ये एखादा, असा त्या वेळचा हिशेब होता. तेव्हाच्या कुटुंबाला तेवढं पुरत असे. आज त्याच खोलीत दोन लॅपटॉप, चार चार्जर, राउटर आणि हीटर असतो, आणि ही उणीव एक्स्टेंशन बोर्डांनी भरून काढली जाते.

तिसरा काळ नव्या अपार्टमेंटचा आणि ड्युप्लेक्सचा. तिथे पॉइंट भरपूर आणि सेफ्टी स्विच असतोच. पण नवं घर म्हणजे निर्धोक, असंही नाही. ऑगस्ट २०१४मध्ये ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने ‘इन्फिनिटी’ आणि ‘ओल्सेंट’ या नावांनी विकल्या गेलेल्या केबल परत मागवल्या. त्यांचं प्लॅस्टिक वेष्टन वेळेआधीच ठिसूळ होऊन शॉक किंवा आगीचा धोका होता. सुमारे ४,००० किलोमीटर केबल देशभरातल्या अंदाजे ४०,००० घरांत पोचली होती. न्यू साउथ वेल्समध्ये तिची विक्री २०१० ते २०१३ या काळात झाली. त्या वर्षांत बांधलेलं किंवा नूतनीकरण केलेलं घर असेल, तर इलेक्ट्रिशियनला हे मुद्दाम विचारावं.

एका पॉइंटची कुवत

ऑस्ट्रेलियात घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झची असते, भारतातही तेवढीच. म्हणूनच पुण्याहून आणलेला मिक्सर इथे विनातक्रार फिरतो. महाराष्ट्रातल्या घरात मात्र छोटा ६ अँपिअरचा पॉइंट आणि गीझर-इस्त्रीचा मोठा १६ अँपिअरचा पॉइंट वेगळे असतात, आणि जड उपकरण कुठे लावायचं ते पिनच्या आकारावरून लगेच कळतं. इथे सगळीकडे १० अँपिअरचा एकाच आकाराचा पॉइंट. त्यामुळे कुठलंही उपकरण कुठेही आणि कितीही लावता येतं, असा समज होतो.

गणित साधं आहे. १० अँपिअर म्हणजे सुमारे २,३०० ते २,४०० वॉट. २,४०० वॉटचा एक हीटर ही सगळी कुवत एकटा खातो. किटलीची गोष्टही जवळपास तीच. चार किंवा सहा तोंडांचा पॉवर बोर्ड घेतला, तरी मागे एकच प्लग असतो आणि सगळ्या तोंडांची मिळून कुवत १० अँपिअरच राहते. म्हणून हीटर, किटली, एअर फ्रायर, इंडक्शन शेगडी यांतलं काहीही पॉवर बोर्डावर लावू नये, थेट भिंतीत लावावं. एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचणं तर कधीच नको.

काही मोठ्या उपकरणांना १५ अँपिअरचा प्लग येतो. त्याची अर्थची पिन रुंद असते, त्यामुळे तो साध्या पॉइंटमध्ये जातच नाही. ती पिन कानशीने घासून बसवणारे लोक आहेत. जास्त भार कमी कुवतीच्या तारेवर जाऊ नये म्हणूनच ती रुंद केलेली असते. पिन घासणं म्हणजे हे संरक्षण हाताने काढून टाकणं.

तीन राखणदार आणि त्यांच्या मर्यादा

घरात विजेपासून राखण करणारी तीन साधनं असतात, आणि तिघांची कामं वेगवेगळी आहेत.

पहिला फ्यूज किंवा एमसीबी. तारेतून तिच्या कुवतीपेक्षा जास्त वीज वाहिली किंवा शॉर्ट सर्किट झालं, की तो पुरवठा तोडतो. तो तार वाचवतो. माणूस वाचवणं त्याच्या आवाक्यात नाही. साधारण १ मिलिअँपिअर वीज शरीरातून गेली की झिणझिण्या जाणवतात, १०च्या आसपास स्नायू आखडून हात सुटेनासा होतो आणि ३०च्या वर गेल्यास हृदयाचा ठोका विस्कटण्याचा धोका सुरू होतो. ४० वॉटचा जुना बल्ब सुमारे १७० मिलिअँपिअर घेतो. १६ अँपिअरचा एमसीबी पडायला १६,००० मिलिअँपिअरच्याही वर जावं लागतं. एका बल्बाइतकी वीज माणसाचा जीव घेऊ शकते आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

दुसरा सेफ्टी स्विच. महाराष्ट्रात आपण याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतो. फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा प्रवाह सारखा आहे का, यावर त्याची सतत नजर असते. वीज कुणाच्या शरीरातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीकडे गळू लागली आणि फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोचला, की तो सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या वायरिंग नियमांची २०१८ची आवृत्ती नव्या घरातल्या पॉइंट आणि दिव्यांच्या सगळ्या सर्किटांना तो सक्तीचा करते. पण नियम नव्या कामाला लागू असतो, जुन्या घराला आपोआप नाही. तुमच्याकडे तो आहे की नाही, हे पाहायला स्विचबोर्ड उघडून ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण शोधा. बटण नसेल तर तो सेफ्टी स्विच नाही, नुसता ब्रेकर, म्हणजे एमसीबी आहे. असेल तर दर तीन महिन्यांनी ते दाबून बघा. दाबल्याबरोबर पुरवठा तुटला पाहिजे. नाही तुटला तर तो स्विच निकामी आहे.

तिसरा राखणदार म्हणजे अर्थिंग. धातूचं आवरण असलेल्या उपकरणात आत बिघाड झाला, तर वीज अर्थच्या तारेने निघून जाते आणि एमसीबी किंवा सेफ्टी स्विच पडतो. अर्थची पिन मोडलेला, किंवा थ्री-पिनचा टू-पिन केलेला प्लग हा मार्गच बंद करतो.

आता तिघांनाही न दिसणारा बिघाड बघा. पॉइंटच्या मागचा स्क्रू सैल झाला किंवा प्लग धरणारी पितळी पाती ढिली पडली, तर त्या जागी प्रवाहाला अडथळा होतो. समजा हा अडथळा अर्धा ओहम आहे. १० अँपिअर घेणारा हीटर चालू असताना त्या एका बिंदूवर ५० वॉट उष्णता निर्माण होते, म्हणजे भिंतीच्या आत, लाकडी सांगाड्याला लागून एक तापलेलं सोल्डरिंग आयर्न तासन्‌तास ठेवल्यासारखं. प्रवाह १० अँपिअरच्या आतच आहे, म्हणून एमसीबी शांत. वीज जमिनीकडे गळत नाही, म्हणून सेफ्टी स्विच शांत. अर्थिंगचा तर इथे संबंधच येत नाही. अमेरिकेच्या वायरिंग संहितेने अशा सैल जोडांतल्या ठिणग्या ओळखणारं साधन १९९९च्या आवृत्तीत बेडरूमसाठी आणलं. ऑस्ट्रेलियात घरांना ते सक्तीचं नाही. म्हणून इथे शेवटचा राखणदार माणूसच आहे.

खुणा कशा ओळखायच्या

सर्वांत महत्त्वाची खूण उष्णतेची. हीटर किंवा किटली चालवल्यावर प्लग किंचित कोमट लागणं समजण्यासारखं आहे. हात ठेवणं नकोसं वाटेल इतका प्लग किंवा भिंतीतली पट्टी तापत असेल, तर जोड सैल आहे. चार्जर अंगचा थोडा तापतो, पण मोबाइल नसतानाही तो गरम राहत असेल तर फेकून द्यावा.

दुसरी खूण वासाची. तापलेल्या प्लॅस्टिकला काहीसा मासळीसारखा, उग्र वास येतो. स्वयंपाकघरात फोडणीच्या वासात तो हरवतो, बेडरूममध्ये मात्र लक्षात येतो. कुठून येतोय ते कळेना तर ‘असेल काहीतरी’ म्हणून झोपू नका. एकेक पॉइंटपाशी जाऊन बघा.

तिसरी रंगाची. पांढरी पट्टी भोकांभोवती पिवळी किंवा तपकिरी पडली, प्लगची पिन काळवंडली, प्लॅस्टिक वितळून वाकडं झालं, तर आत बऱ्याच काळापासून जळत आहे. वरून पुसलं तरी आतला बिघाड जात नाही.

चौथी आवाजाची. प्लग खोचताना एखादी बारीक ठिणगी दिसते, विशेषतः आधीच चालू ठेवलेलं उपकरण लावलं तर. पण उपकरण चालू असताना चरचर, तडतड किंवा सतत घूंऽऽ असा आवाज येत असेल, तर ती आतल्या ठिणग्यांची चाहूल आहे.

पाचवी ढिलेपणाची. प्लग स्वतःच्या वजनाने बाहेर झुकतो, धक्का लागला की उपकरण बंद होतं, पट्टी भिंतीपासून सुटून हलते. बोळा कोंबून किंवा टेकू लावून प्लग घट्ट करणारे उपाय बिघाड झाकतात, मिटवत नाहीत.

सहावी खूण वारंवार वीज जाण्याची. एकच उपकरण लावल्यावर सेफ्टी स्विच पडत असेल तर दोष बहुधा त्या उपकरणात आहे. पाऊस पडला की पडत असेल तर कुठेतरी पाणी शिरतंय. पडलेला स्विच पुन्हा पुन्हा वर करत राहणं म्हणजे इशारा देणाऱ्याचं तोंड दाबणं. एकदा वर करून पाहावा, पुन्हा पडला तर तसाच राहू द्यावा.

सातवी खूण पॉइंटवर दिसत नाही, नळावर जाणवते. अंघोळ करताना नळाला किंवा शॉवरला हात लागताच झिणझिण्या येणं ही ऑस्ट्रेलियात विशेष गंभीर गोष्ट आहे. इथे घराचा न्यूट्रल स्विचबोर्डापाशी जमिनीशी जोडलेला असतो. रस्त्यावरून येणारा न्यूट्रल तुटला किंवा गंजला, तर घरातली वीज परतायला अर्थची तार आणि पाण्याचे धातूचे पाइप हाच मार्ग उरतो. सेफ्टी स्विच हा दोष पकडत नाही. काही दिवे अचानक प्रखर आणि काही मंद होत असतील, तरी संशय न्यूट्रलचाच घ्यावा.

सामानातून येणारे धोके

भारतातून येणाऱ्या सामानात मिक्सर, इस्त्री, डोशाचा ग्राइंडर, आकाशकंदील आणि दिव्यांच्या माळा असतात. व्होल्टेज जुळतं, पण प्लग जुळत नाही, म्हणून मध्ये ट्रॅव्हल ॲडॉप्टर येतो. हा ॲडॉप्टर प्रवाशाने काही दिवस मोबाइल-लॅपटॉप चार्ज करण्यासाठी असतो. अनेकांत अर्थची जोडणीच नसते, आणि आतल्या पात्या गोल, चपट्या अशा सगळ्या पिनांना सामावण्याच्या नादात कुणालाच नीट धरत नाहीत. त्यावर वर्षानुवर्षं मिक्सर किंवा इस्त्री चालवणं म्हणजे सैल जोड स्वतःच्या हाताने तयार करणं. धातूचं आवरण असलेलं उपकरण तर अर्थ नसलेल्या ॲडॉप्टरवर लावूच नये. इथे घेतलेल्या साधनावर त्रिकोणात बरोबरची खूण असलेलं आरसीएम चिन्ह बघावं. ऑस्ट्रेलियाचे सुरक्षानियम पाळल्याची ती निशाणी आहे. भारतातून आणलेल्या वस्तूवर ती सहसा नसते.

स्वस्त चार्जरचा धोका या राज्याने पाहिला आहे. २०१४ साली सिडनीच्या उत्तरेला गॉसफर्ड भागात एका तरुणीचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. त्यामागे निकृष्ट यूएसबी चार्जर असल्याचा संशय होता. त्यानंतर न्यू साउथ वेल्सच्या फेअर ट्रेडिंग खात्याने अप्रमाणित चार्जरविषयी लोकांना सावध केलं आणि दुकानांमधून असा माल जप्त केला. असे चार्जर बाहेरून चांगल्या चार्जरसारखेच दिसतात. फरक असतो तो आत, २३० व्होल्टची बाजू आणि मोबाइलची ५ व्होल्टची बाजू यांच्यामधल्या अंतरात आणि वेष्टनात.

विद्यार्थी एकत्र राहतात अशा घरांत जेवण पोचवणाऱ्या ई-बाइकच्या बॅटऱ्या रात्री चार्जिंगला लावलेल्या असतात. लिथियम बॅटरी पेटली की खोलीतून निसटायला फार थोडा वेळ मिळतो. त्या झोपण्याच्या खोलीत किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर चार्ज करू नयेत, मूळ चार्जरच वापरावा आणि रात्रभर लावून ठेवू नये.

गणपती आणि दिवाळीत या सगळ्याची एकदम गर्दी होते. मुंबईच्या लोहार चाळीतल्या माळा, थर्मोकोलचं किंवा कापडाचं मखर, समई आणि एकाच पॉइंटवरचे तीन बोर्ड, ही जुळणी धोक्याची आहे. आरास करणाऱ्याने पॉइंट मखराच्या मागे झाकून टाकू नये. हात घालून लगेच बंद करता येईल अशी जागा मोकळी ठेवावी आणि झोपण्यापूर्वी माळा बंद कराव्यात. घराबाहेर लावायच्या माळा बाहेरच्या वापरासाठी बनवलेल्याच हव्यात.

खूण दिसली, आता काय

पॉइंट गरम लागला, रंग बदलला किंवा वास आला, तर आधी उपकरण बंद करा, मग पॉइंटचा स्विच. पट्टी वितळली असेल, धूर किंवा आवाज येत असेल तर तिला हातच लावू नका. स्विचबोर्डाकडे जाऊन त्या सर्किटचा ब्रेकर पाडा, कोणता ते कळत नसेल तर मेन स्विच बंद करा. चिकटून बसलेला प्लग ओढू नका. पॉइंटवर चिकटपट्टी लावून ‘वापरू नये’ असं लिहा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी तो लावणार नाही. तेच उपकरण दुसऱ्या पॉइंटमध्ये लावू नका. जळालेली पिन नव्या पॉइंटलाही खराब करते.

इलेक्ट्रिशियन आला की नुसती पट्टी बदलून थांबू देऊ नका. मागच्या तारेचं टोक जळून ठिसूळ झालं आहे का, त्याच सर्किटवरचे बाकीचे पॉइंट कसे आहेत, हे त्याला पाहायला सांगा.

नळाला झिणझिण्या आल्या तर नळ, शॉवर, धातूची सिंक यांपासून सगळ्यांना दूर ठेवा आणि वीजवाहिन्या सांभाळणाऱ्या एंडेव्हर एनर्जीला १३१ ००३ या आपत्कालीन क्रमांकावर लगेच फोन करा. हा फोन बिल पाठवणाऱ्या कंपनीला करायचा नसतो. वादळात छतातून पाणी गळून पॉइंटवर आलं, तर स्विचबोर्डापर्यंतची वाट कोरडी असेल तरच मेन बंद करा. छताच्या पोकळीत स्वतः चढू नका. २००९-१०च्या सरकारी घर-उष्णतारोधन योजनेत चार तरुण कामगार दगावले, त्यांतले तिघे छतात विजेच्या धक्क्याने.

आग लागली तर वीज बंद करणं सहज शक्य असेल तर करा, पाणी अजिबात टाकू नका, सगळ्यांना बाहेर काढा, जाताना दार ओढून घ्या आणि बाहेरून ००० हा आपत्कालीन क्रमांक लावा. काही आणण्यासाठी परत आत जाऊ नका.

कुणाला शॉक बसून ती व्यक्ती अजून विजेला चिकटलेली असेल, तर तिला धरू नका. आधी पुरवठा तोडा. मग ००० लावा. श्वास चालू नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब द्या, ३० दाबांनंतर दोन श्वास. भाजलेल्या जागी नळाचं थंड वाहतं पाणी २० मिनिटं सोडा. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. शॉक बसलेला माणूस उठून हसत बोलत असला तरी त्याला डॉक्टरकडे न्या, कारण हृदयाच्या ठोक्यातला बिघाड बाहेरून दिसत नाही. लहान मुलांच्या भाजण्यावर उपचार करणारं राज्याचं विशेष केंद्र वेस्टमीडच्या बालरुग्णालयातच आहे.

भाडेकरूचा हक्क

अनेक मराठी कुटुंबं तक्रार करायला कचरतात. घर भाड्याने देणारा एजंट नाराज होईल, पुढचा करार मिळणार नाही, अशी भीती असते. न्यू साउथ वेल्सचा २०१०चा निवासी भाडेकरार कायदा मात्र या बाबतीत भाडेकरूच्या बाजूने स्पष्ट आहे. विजेचा धोकादायक बिघाड ही तातडीची दुरुस्ती मानली जाते. एजंटला किंवा मालकाला कळवूनही त्यांनी वाजवी वेळेत काही केलं नाही, किंवा त्यांच्याशी संपर्कच होऊ शकला नाही, तर भाडेकरू परवानाधारकाकडून दुरुस्ती करून घेऊ शकतो. १,००० डॉलरपर्यंतचा वाजवी खर्च मालकाने लेखी मागणीनंतर १४ दिवसांत परत द्यायचा असतो. त्यासाठी फोन केल्यावर ईमेलही पाठवा, जळालेल्या पॉइंटचा फोटो जोडा, पावती जपून ठेवा. मालकाने दाद दिली नाही तर राज्याच्या दिवाणी व प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाता येतं. मार्च २०२०पासून लागू झालेल्या किमान निकषांनुसार भाड्याच्या घरात पुरेसे पॉइंट असणंही आवश्यक आहे. धुराचा अलार्म राज्यात २००६पासून सक्तीचा आहे आणि त्याची तपासणी मालकाने दरवर्षी करून घ्यायची असते.

सेफ्टी स्विचच्या बाबतीत मात्र हे राज्य मागे आहे. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात २००९पासून विकायच्या किंवा भाड्याने द्यायच्या घरात किमान दोन सेफ्टी स्विच असावेच लागतात. क्वीन्सलँडनेही भाड्याच्या घरांना ते बंधनकारक केले आहेत. न्यू साउथ वेल्समध्ये जुन्या भाड्याच्या घरांवर तशी सरसकट सक्ती नाही. ज्या उपनगरांत नवागत कुटुंबं जुनी घरं भाड्याने घेतात, तिथे ही त्रुटी सर्वांत जास्त भोवते. दुसऱ्या राज्यांना जमलं ते इथे न जमण्याचं कारण नाही, आणि ही मागणी स्थानिक आमदाराकडे करायला हवी. तोवर ज्यांच्या घरी सेफ्टी स्विच नाही, त्यांनी प्लगमध्ये लावायचा सुटा सेफ्टी स्विच किंवा तो अंगभूत असलेला पॉवर बोर्ड हार्डवेअरच्या दुकानातून आणावा. तो फक्त त्यावर लावलेल्या उपकरणांपुरतं संरक्षण देतो, पण काहीच नसण्यापेक्षा ते पुष्कळ आहे.

स्वतः केलं तर काय बिघडतं?

हा प्रश्न आपल्या लोकांत हमखास निघतो. गावाकडे टेस्टर आणि पेचकस घेऊन बोर्ड उघडणं घरोघरी चालतं, इंजिनिअर माणसाला तर त्यात काही विशेष वाटत नाही. इथे इलेक्ट्रिशियनचा दर जड वाटतो. शेजारच्या न्यूझीलंडमध्ये घरमालकाला स्वतःच्या घरात ठरावीक अटींवर काही वायरिंगची कामं करायची मुभा आहे, तिथे काय रोज घरं जळतात का, असाही युक्तिवाद होतो.

त्याला उत्तर तीन पदरी आहे. एक तर न्यू साउथ वेल्समध्ये ते बेकायदेशीर आहे. पॉइंट बदलणं, हलवणं, नवा काढणं ही सगळी परवानाधारकाची कामं आहेत, आणि काम झाल्यावर त्याने नियमपालनाचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. ते मागून घ्या. उद्या विम्याचा दावा करायची वेळ आली तर हाच कागद कामाला येतो. दुसरं, काम चुकलं तरी दिवा लागतो. फेज-न्यूट्रलची अदलाबदल, तुटकी अर्थ, अर्धवट आवळलेला स्क्रू, यांपैकी कशानेही उपकरण बंद पडत नाही. त्यामुळे आपलं काम बरोबर झालं की नाही हे करणाऱ्याला कळत नाही. त्यासाठी चाचणीची उपकरणं लागतात. तिसरं, चुकीची किंमत सहसा दुसरंच कुणी मोजतं, पुढचा भाडेकरू, रांगणारं मूल. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने होणाऱ्या मृत्यूंचा आकडा अलीकडच्या वर्षांत सतत १२,०००च्या वर राहिला आहे. त्यात शेत, रस्ता, कारखाना, घर सगळं येतं. पण घरातल्या विजेला सैलपणे हाताळणारी सवय परदेशी बरोबर आणण्यासारखी नाही, हे त्यावरून समजायला हरकत नाही.

न्यूझीलंडची मुभाही अटींनी बांधलेली आहे, आणि कायदा तसा नसलेल्या ठिकाणी तिचा दाखला कुणाला वाचवत नाही.

घराघरांत करण्यासारखं

काही गोष्टी आजच करता येतील आणि त्यांना परवाना लागत नाही. घरातला प्रत्येक पॉइंट दिवसाउजेडी नीट बघा. हीटर अर्धा तास चालल्यावर प्लगच्या बाहेरच्या बाजूला हाताची मागची बाजू टेकवून उष्णता पाहा. तारा गालिच्याखालून, दारातून किंवा पलंगाच्या पायाखालून जात असतील तर काढा. सेफ्टी स्विचचं बटण दाबा. मेन स्विच कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला दाखवा. भारतातून आलेल्या आई-वडिलांना आणि सासू-सासऱ्यांना विशेष करून दाखवा, कारण दिवसभर नातवंडांबरोबर घरात तेच असतात. त्यांना भारतातला १०० किंवा ११२ पाठ असतो. इथला क्रमांक ००० आहे हे फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. इंग्रजीची अडचण असेल तर १३१ ४५० या दुभाषी सेवेच्या क्रमांकावर मराठी दुभाषा मागता येतो. पण आग किंवा शॉकच्या वेळी आधी ०००च लावायचा.

सिडनीतल्या मराठी मंडळींना एक विनंती आहे. गणेशोत्सवाच्या किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात एखाद्या परवानाधारक मराठी इलेक्ट्रिशियनला पंधरा मिनिटं बोलायला बोलवा. फायर अँड रेस्क्यू न्यू साउथ वेल्सचे जवान घरी येऊन विनामूल्य सुरक्षा पाहणी करतात, तिची माहिती नव्या कुटुंबांना द्या. आणि वाचकहो, तुमच्या घरातला एखादा पॉइंट गरम लागत असेल, तर तो आजच बंद करा आणि एजंटला आजच ईमेल पाठवा. हिवाळा संपेपर्यंत थांबू नका.